उठवण्याची रीत

कार्मेलोनं तिचा दंड धरला तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि नेरेइदाही हसली. हसू आधी आलं, कळ मागून आली. बस चालवून चालवून मनगटं खांबासारखी झालेला तो जाडजूड माणूस खाटेवर डोळे मिटून पडला होता, आणि कुणी खांद्याला हात लावला तर विचार करायचा नाही, धरायचं, असं आयदेबाईंनीच त्याला सांगून ठेवलं होतं. नेरेइदानं हात लावला होता. वाकून, हळूच, आजारी माणसाला कुणीही उठवील तसं. आणि पुढच्याच क्षणी तिचा दंड त्याच्या मुठीत होता, तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि त्याचे डोळे उघडे असून खेळातल्यासारखे हसत होते. ते हसत होते म्हणून बरं, असं तिला वाटून गेलं. हे डोळे हसत नसते तर ते कसे दिसले असते, हेही तिला त्याच क्षणी दिसलं, आणि ते आपण कुठे पाहिलं हे मात्र आठवेना.

"मेलीस तू," आयदेबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "पुढचं कोण येतंय मरायला?"

"मी हळूच धरलं होतं हो," कार्मेलो उठून बसत म्हणाला. "लागलं का गं? माझी बायको रोज सकाळी गळा धरते माझा. आणि मग विचारते, कॉफीत साखर कमी का."

त्याची बायको इराकच्या युद्धावरून परतलेली होती. बाकीच्यांचे नवरे, बाप, भाऊ होते. एकूण अकराजण, चर्चमागच्या सभागृहात, घडीच्या खुर्च्यांवर. आयदेबाई तीस वर्षं सैनिकांच्या इस्पितळात परिचारिका होत्या. गुडघे गेल्यावर त्यांनी माजी सैनिकांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी हे वर्ग घ्यायला सुरुवात केली होती. गेल्या पाच गुरुवारी त्यांनी माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, आपण न पडता त्याला कसं पडू द्यायचं, गोळ्यांचे डबे कसे लावायचे ते शिकवलं होतं. आज उठवणं. "पायाशी उभं राहायचं," त्या खाटेच्या टोकाशी जाऊन म्हणाल्या, "आणि तिथून त्याच्या हाताच्या लांबीहून दोन पावलं लांब. हात लावायचा नाही. आधी त्याचं नाव. मग तुमचं. मग गावाचं. नवऱ्याला खांदा हलवून उठवतात. ह्याला नाही. हा झोपेत तुमचा नवरा नसतो." मग त्यांनी फॉर्म वाटले आणि पुढच्या गुरुवारी भरून आणायला सांगितले. अठरावा प्रश्न होता, त्यांना कधी खोलीत बंद करावं लागतं का. एकोणिसावा, सध्या किंवा पूर्वी काळजी घेणाऱ्या व्यक्तीला त्यांच्या हातून कधी इजा झाली आहे का. झोपेत झाली असली तरी लिहा. "हो लिहिलंत तर आमची माणसं घरी येऊन बघतील," आयदेबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा मग माणूस सैनिकांच्या केंद्रात राहायला जातो. खोटं 'नाही' लिहिलंत तर मला तुमच्या अंत्ययात्रेला यावं लागेल, आणि माझे गुडघे दुखतात." पुन्हा सगळे हसले.

हे सगळं तिला माहीत होतं, असं घरी चालत येताना तिच्या लक्षात आलं. पायाशी उभं राहणं, आधी नाव, मग गाव. त्याला शिकवण लागते हेच तिला माहीत नव्हतं. लहानपणी सकाळी आई खोलीच्या दारात उभी राहायची, खांद्यावर फडकं, आणि म्हणायची, "अन्सेल्मो, मी प्रोवी. तू पोन्सेत आहेस. कॉफी ठेवलीय." रोज हीच तीन वाक्यं, ह्याच क्रमानं, प्रार्थनेतल्यासारख्या सपाट आवाजात. नेरेइदाला वाटायचं, सगळ्याच बापांना ते कोणत्या गावात आहेत हे सकाळी सांगावं लागतं. आठ वर्षांची असताना ती एका मैत्रिणीकडे राहायला गेली होती, आणि तिथं मैत्रिणीची आई येऊन झोपलेल्या नवऱ्याच्या केसांतून हात फिरवून 'ऊठ रे आळशा' म्हणाली, तेव्हा नेरेइदानं घट्ट डोळे मिटून घेतले होते. आता काहीतरी होणार, असं वाटून. काहीच झालं नाही. माणूस जांभई देत उठला आणि पाव मागू लागला. त्या दिवसापासून आपल्या घरात काहीतरी वेगळं आहे हे तिला कळलं. काय ते मात्र कळलं नाही, आणि हळूहळू ते न कळणं घरातल्या फर्निचरसारखं होऊन गेलं, अंधारातही ज्याला न आपटता माणूस वळसा घालून जातो. बाबा जागेपणी इंग्रजीचा एक शब्द उच्चारत नसत. दुकानात, बँकेत, कुणी बोललं तरी मान हलवून स्पॅनिशमध्येच उत्तर देत. झोपेत मात्र फक्त इंग्रजी बोलत. विसाव्या वर्षी, अमेरिकी सैन्यात, ती भाषा धड येत नसताना, त्यांना त्याच भाषेतल्या हुकमांवर व्हिएतनामच्या चिखलात आडवं व्हावं लागलं होतं. पुढे नेरेइदानं राजधानीत, सान हुआनला जाऊन शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची नोकरी धरली, इंग्रजी पुस्तकांचीच, आणि सुट्टीत घरी आली की भिंतीपलीकडून येणारे ते शब्द तिला नको इतके नीट समजू लागले. तेव्हापासून ती सुट्टीत कमी यायला लागली. हे तिनं स्वतःशी असं कधी मांडलं नव्हतं. कामाचा ताण, बसचा प्रवास, असंच काहीतरी ती आईला फोनवर सांगायची, आणि आई म्हणायची, "बरोबर आहे गं, तिथं तुझं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर आरशात तिनं दंड पाहिला. बाहेरच्या बाजूला चार निळसर ठसे, एकाखाली एक, आणि आतल्या मऊ बाजूला एक मोठा. तिनं त्यावर बोट ठेवलं. दुखलं, पण फार नाही. आरशावरची वाफ हळूहळू उतरत होती आणि ठसे अधिक स्वच्छ होत होते. ती कमोडच्या झाकणावर बसली. मार्चमध्ये, अंत्यविधीच्या त्या थंडगार खोलीत, आईला सजवणाऱ्या बाईला तिनं म्हटलं होतं, बटणं मी लावते, तेवढं मला करू द्या. आईचा डावा हात उचलून बाहीत घालताना तिनं हेच पाहिलं होतं. ह्याच जागी. फिकट, पिवळ्या कडांचे, पण एका रांगेत. "सलाईनचं असतं ते," ती बाई म्हणाली होती, बाही खाली ओढून घेत. सलाईन कोपराच्या खाली लावतात, हे नेरेइदाला तेव्हाही माहीत होतं. आई घसरली होती. सगळं घर तेच म्हणत होतं, आईही तेच म्हणाली होती, इस्पितळात, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली, दोन दिवसांनी जायच्या आधी: "पाय घसरला गं. माझीच चूक." नेरेइदानं ते ऐकून घेतलं होतं. आयुष्यभर छापील पानांवरचा चुकलेला स्वल्पविराम तिला झोपू देत नसे, आणि आईचं हे वाक्य ती पाच महिने तसंच वाहत होती. 'माझीच'. घसरणाऱ्या माणसाची कसली चूक असते?

बाबा बाहेर जाळीच्या व्हरांड्यात बसले होते. एकोणसत्तर वर्षांचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, पाठ भिंतीला, तोंड फाटकाकडे. आई गेल्यावर नेरेइदा त्यांच्याजवळ राहायला परत आली होती, आणि तेव्हापासून ते रात्री पलंगावर झोपत नव्हते. अशा खुर्चीत बसून असत, दिवसभर कॉफी पीत, आणि दुपारी कधीतरी, अगदीच आवरेनासं झालं की, आत जाऊन तासभर आडवे होत. ती त्याला दुःख म्हणत होती. कोणीही म्हटलं असतं. तिनं कॉफी नेऊन ठेवली, लोणी लावलेली बिस्किटं ठेवली.

"काय झालं हाताला?" बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिनं बाही ओढली. "वर्गात. सराव करताना. कार्मेलोनं धरलं."

"कुणी?"

"आहे एक. बस चालवतो. तुम्हाला आवडेल तो, फार बडबडतो."

बाबांनी कॉफीचा पेला उचलला, परत ठेवला. त्यांचे हात तिनं पाहिले. स्वच्छ, कापलेली नखं, मोठी पेरं. ह्याच हातांनी त्यांनी तिला सायकल शिकवली होती, मागून धरून नव्हे, पुढून, उलटे चालत. मागून कुणाच्या जवळ जायचं नाही हा त्यांचा नियम होता. दुसऱ्यांच्या बाबतीतही ते तो पाळत. "वर्गात जाऊ नकोस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "किंवा जा. शीक. तुझी आई गेली नाही कधी." आईला खरंच दोनदा बोलावणं आलं होतं. परकी बाई येऊन मला माझा नवरा शिकवणार का, असं म्हणून तिनं ते पत्र काड्यापेटीखाली सारून ठेवलं होतं.

रविवारी एल्बा मावशी आली, केनेपांचे, लिचीसारख्या हिरव्या फळांचे, दोन घोस घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसल्या. मावशी दातांनी साल फोडून गर चोखत होती, बिया बशीत टाकत होती, आणि कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरावर पाण्याची नवी टाकी बसली ते सांगत होती. नेरेइदा ऐकत होती असं दाखवत होती. मग तिनं विचारलं.

"मावशी, आईला शेवटचं नेसवायला तो लांब बाह्यांचा ब्लाउज का निवडलास तू?"

मावशीनं चोखणं थांबवलं नाही. "चांगला होता म्हणून. लेसचा."

"तिला आवडायचा नाही तो. टोचतो म्हणायची."

"आता नाही टोचत."

"मावशी."

"काय मावशी? बाईमाणूस देवाच्या दारी निघालं होतं, बाजारात नाही. झाकून न्यायचं."

"काय झाकायचं होतं?"

बशीत बी टणकन पडली. मावशीनं आपला रुमाल काढून तोंड पुसलं, सावकाश, एकेक कोपरा. व्हरांड्याकडच्या पट्ट्यांच्या खिडकीतून बाबांची पाठ दिसत नव्हती, पण खुर्ची करकरली की ऐकू येत होतं. मावशीनं आवाज खाली आणला. "हे बघ, नेरी. तू जन्मभर कागद तपासलेस. लोकांच्या चुका लाल शाईनं दाखवून पगार घेतलास. मेलेल्या माणसाच्या अंगावर काय काय असतं, ते सगळं वाचायचं नसतं. माझ्या बहिणीनं पंचेचाळीस वर्षं ह्या माणसाला झाकलं. तू पाच महिन्यांत उघडं करणार? आणि मग कुठे ठेवणार त्याला? तिथं?"

तिथं म्हणजे केंद्र. जूनमध्ये ती बाबांना घेऊन एकदा बघायला गेली होती. स्वच्छ होतं, फिनाइलचा वास, हिरवळ, दुपारच्या वेळी एका रांगेत टीव्हीसमोर मांडलेली माणसं. सेविका मागून येत आणि खुर्च्या ढकलत नेत. बाबा दारातच थांबले होते. परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले होते, "तिथं मागून येतात." त्यानंतर आठवडाभर ते दुपारचेही आडवे झाले नव्हते.

"मला फक्त माहीत करून घ्यायचंय," नेरेइदा म्हणाली.

"माहीत करून घेऊन काय करायचंय? खा. ह्या गोड निघाल्यात."

मावशी गेल्यावर तिनं फॉर्म काढला. नाव, पत्ता, गोळ्या, पडण्याची वारंवारिता. अठराव्यापुढे 'नाही' लिहिलं. एकोणिसाव्याशी आली की पेन उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून जायची, जणू आधीच्या उत्तरांत काही चुकलेलं सापडलं तर ह्याचं उत्तर आपोआप बदलेल. 'हो' लिहिलं तर ती बापाला अशा जागी पाठवत होती जिथं मागून येतात. 'नाही' लिहिलं तर ती आईच्या वाक्यावर सही करत होती, आणि त्याच घरात, त्याच दोन खोल्यांत, आईच्या जागी उभी राहत होती. आणि तिला हेही समजत होतं की खरा प्रश्न तो नव्हताच. खरा प्रश्न असा होता की बाबांना माहीत आहे का. त्यांच्या हातांना माहीत असेल आणि त्यांना नसेल, तर ती कुणाला दोष देणार होती. आणि त्यांना माहीत असेल, तर तो माणूस रोज सकाळी तिच्या हातची कॉफी घेताना काय बघत होता? तिची झोप आता उथळ झाली होती. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली की ती जागी व्हायची आणि पडल्या पडल्या आपला दंड चाचपायची. ठसे पिवळे पडत चालले होते, त्या थंडगार खोलीत पाहिले होते तसेच. ती स्वतःच्या अंगावर आईचे शेवटचे दिवस उलगडताना बघत होती.

बुधवारी दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. बाबा जेवले, भात आणि घेवडा, अर्धवट, मग खुर्चीत त्यांची मान दोनदा खाली गेली, आणि ते काही न बोलता उठून आत गेले. जाताना त्यांनी दार लोटलं. नेरेइदा टेबलाशी फॉर्म घेऊन बसली. उद्या गुरुवार होता. आतला पंखा घरघरत होता, त्याचं एक पातं कुठेशी घासत असे, ठराविक वेळानं, आणि त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की तो थांबला तेव्हा तिला आवाज आल्यासारखं वाटलं. वीज गेली होती. फ्रिज थरथरून गप्प झाला. सगळी गल्ली गप्प झाली. मग तीन घरं पलीकडे कुणीतरी जनरेटर सुरू केला, फटफट फटफट, आधी अडखळत आणि मग एकसारखा, आणि लोटलेल्या दारामागून बाबा बोलू लागले.

ती दाराशी गेली. खोलीत पट्ट्यांच्या खिडकीतून आलेल्या उजेडाच्या रेघा पलंगावर पडल्या होत्या. बाबा उताणे होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हात दोन्ही बाजूंना उघडे. ते कुणाला तरी जमिनीवर आडवं व्हायला सांगत होते, त्या दुसऱ्या भाषेत, विनवणीच्या सुरात, पुन्हा पुन्हा, आणि तो कोणी ऐकत नव्हता. ती पलंगाच्या पायाशी गेली. दोन पावलं मागे सरली. "बाबा," ती म्हणाली. "मी नेरेइदा. तुम्ही पोन्सेत आहात. दुपार झालीय." आयदेबाईंनी सांगितलं होतं तसं, सपाट, एका सुरात. बाबांनी डोळे उघडले, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या जागी जे होतं त्याच्याकडे बघत होते. हे डोळे आपण कुठे पाहिले ते आता तिला आठवलं: पाचव्या वर्षी, दाराच्या फटीतून, आईच्या परकराला धरून. तिनं पुन्हा नाव सांगितलं. त्यांचा उजवा हात चादरीवर काहीतरी शोधू लागला. ते ज्या वर्षात होते त्या वर्षात नेरेइदा नावाचं कुणी जन्मलेलंच नव्हतं, हे तिला विजेसारखं समजलं. प्रोवी होती. प्रोवीला ते युद्धावरून पत्रं लिहीत होते.

"अन्सेल्मो," ती म्हणाली. बापाला नावानं हाक मारताना तिची मान शरमेनं तापली. "अन्सेल्मो, मी प्रोवी. तू पोन्सेत आहेस. कॉफी ठेवलीय."

हात थांबला. छातीतून एक लांब श्वास बाहेर आला, इतका लांब की तो संपेल की नाही असं वाटलं, आणि पापण्या खाली आल्या. जनरेटर चालूच होता. एवढंच करायचं होतं. आता मागच्या पावलांनी बाहेर जायचं आणि चार वाजता गोळी द्यायची. तिचे पाय हलले नाहीत.

"प्रोवी," बाबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, स्पॅनिशमध्ये, तरुण आवाजात. "दंड दुखतोय का अजून?"

नाही, असं म्हणायला हवं होतं. नाही, झोप तू. आई तेच म्हणाली असती, म्हणालीही असेल, कितीतरी वेळा, कितीतरी ठशांबद्दल. झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालावा तसं ते होतं, आणि तिनं घातला.

"त्या दिवशी काय झालं, अन्सेल्मो?"

मग ते सावकाश, तक्रार केल्यासारखे बोलू लागले. "वीज गेली होती. तू पंखा बघायला आलीस. अशी, डोक्याशी. किती वेळा सांगितलंय तुला, डोक्याशी यायचं नाही. मी धरलं. मग तुझा आवाज आला, मग मला कळलं, तू आहेस. म्हणून मी सोडलं." त्यांनी चादरीवर मूठ उघडली. "मी सोडलं म्हणून तू पडलीस, प्रोवी. धरून ठेवलं असतं तर पडली नसतीस."

तिनं खाली पाहिलं. फरशी पिवळी होती, तिच्यावर उजेडाच्या रेघा होत्या, आणि काहीही नव्हतं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडेच बघत होते, तिच्याकडेच, नेरेइदाकडे, थकलेल्या ओळखीनं, आणि किती वेळ उघडे होते ते तिला सांगता येणार नव्हतं.

"बाबा, मी..."

"तुझी आई कधी विचारत नसे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज परत म्हातारा झाला होता. "काय झालं, असं. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. तेव्हाच कळलं मला, ही तू आहेस."

"मग सांगितलंत कशाला?"

"तू विचारलंस." ते कोपरावर रेलून उठले, पाय खाली सोडून बसले. ती मदतीला पुढे झाली नाही आणि त्यांनीही हात पुढे केला नाही. दोघांमध्ये पलंगाची लांबी होती. "पोलीस, ती वर्गातली बाई, कुणाला सांगायचं ते सांग. मी नाही म्हणणार नाही. फक्त तिथं नको."

"आईनं तुम्हाला... ती मला म्हणाली, तिची चूक."

"ती सगळ्यांना तेच म्हणायची. लग्न केलं तेव्हापासून." ते उठले, कपाटाशी गेले, शर्टांच्या घडीखालून कागदाची एक चुरगळलेली पिशवी काढली आणि पलंगावर ओतली. एक सरकती कडी, पितळेची, अजून प्लास्टिकमध्ये, आणि चार स्क्रू. "जानेवारीत, तीन राजांच्या सणाआधी आणली होती. दाराला बाहेरून लावायची. मी निजलो की लाव, उठलो की काढ, एवढंच म्हणालो. तर माझ्यावर हसली. म्हणे नवऱ्याला कोंडलं तर कॉफी कुणाला करू?" ते स्वतःही हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. "मला झोप येते, नेरेइदा. तू आल्यापासून मी रात्री झोपलेलो नाही. तू भिंतीपलीकडे असतेस. मला फार झोप येते."

कुणीही माणूस असा झोप मागताना तिनं पाहिला नव्हता. तिला काहीतरी म्हणायचं होतं, आयदेबाईंना विचारू, डॉक्टरांना विचारू, गोळी बदलून घेऊ. ही सगळी वाक्यं बरोबर होती, आणि ती एकामागून एक तिच्या मनात येऊन उभी राहिली, पुस्तकातल्यासारखी, एकही चूक नसलेली. ती स्वयंपाकघरात गेली आणि खणातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

बाबांनी उंची दाखवली. तिच्या खांद्याशी, म्हणजे घाईत असली तरी हाताला सापडेल. त्यांनी कडी दाराला टेकवून धरली आणि ती समोरून, त्यांना दिसेल अशी उभी राहिली. तेवढं तिला आता सांगावं लागत नव्हतं. एकेक स्क्रू ते चिमटीत धरून तिच्या तळहातावर ठेवत होते. लाकूड जुनं आणि कडक होतं, तिला जोर लावावा लागत होता, आणि जोर लावला की दंड दुखत होता. "डावीकडे कलतंय," ते मध्येच म्हणाले. "सरळ घे. हां, तसं." त्यांनी तिला सायकल शिकवताना वापरलेला हाच आवाज होता. चौथा स्क्रू बसला तेव्हा दोघंही घामानं भिजली होती. टेबलावरच्या कागदाची तिला आठवण झाली. एकोणिसाव्याचं उत्तर आता तिला माहीत होतं, आणि अठराव्याचं लिहिलेलं उत्तर खोटं झालं होतं, आणि ही दोन्ही कामं एकाच दुपारी, त्यांनी दोघांनी मिळून केली होती. उद्या ती काय लिहिणार होती, हे बाबांनी विचारलं नाही. त्यांनी कडी दोनदा पुढेमागे सरकवून पाहिली, समाधानानं मान हलवली, आत गेले आणि दार लावून घेतलं.

"लाव आता," ते आतून म्हणाले.

तिनं कडीवर बोट ठेवलं.

"नेरेइदा?"

"आहे."

"लाव."

नवीन होती म्हणून ती आवाज न करता सरकली. बाबांनी आतून दार एकदा ढकलून पाहिलं. ते हललं नाही. मग पावलं पलंगापर्यंत गेली, पलंग करकरला, आणि ती अजून मोजतही नव्हती तोवर आतून घोरणं ऐकू येऊ लागलं, खोल, एकसारखं, लहान मुलासारखं बेफिकीर. ह्या घरात तिनं ते जन्मात ऐकलं नव्हतं. चार वाजले. गोळीची वेळ झाली आणि टळली. पलीकडचा जनरेटर बंद पडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद पडला, आणि तो झोपलाच होता, तिचा बाप, आणि ती दाराबाहेर उभी होती. ते आत खरे जागे झाले हे बाहेरून ओळखून कडी उघडायची कशी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.